छाट

पहिल्या दिवशी तिनं खोकल्याच्या औषधाची बाटली आणली.
धुतलीय म्हणाली. वास अजून ज्येष्ठमधाचा.
मी ती परत केली, पांढऱ्या झाकणाची डबी दिली
आणि पडद्याशी उभं राहून हळू आवाजात सांगितलं
जे दिवसातून वीसदा सांगते:
आधी धुवायचं. सुरुवातीची धार सोडायची,
मधली धरायची.
बालामणी येमूल हसली.
"पाचव्या दिवशी नळ येतो, तेव्हा असंच की.
आधी गढूळ जाऊ द्यायचं, मग घागर लावायची."

अशोक चौकाच्या पुढं, चादरीच्या कारखान्याला लागून
आमची लॅब. दीड खोली, वर पत्रा,
मागच्या भिंतीतून मागांचा खडखडाट.
जंतूंना वाढायला सदतीस अंश लागतात.
मे महिन्यात इथं
जंतूंसाठी खोली गार करावी लागते.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर: जळजळ, वारंवार, ताप नाही.
तिच्या तोंडी एकच शब्द: मंट.
तेलुगूत आगीलाही मंटच म्हणतात.
"तीन आठवडे झाले. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या,
दोन दिवसांत बरं वाटलं,
उरलेल्या जावेला दिल्या. तिलाही आहेच."

सकाळी सहापासून सूप मांडीवर.
मग ब्रँचला माल द्यायची रांग.
तिथं बायकांचा संडास एक, त्याला कुलूप,
किल्ली मुनिमाकडं, मुनीम जेवायला.
"म्हणून पाणीच पीत नाही. न प्यालं की लागत नाही."
हे तिनं एकटीनं शोधलेलं नाही.
सगळी रांग हेच करते.

काचपट्टीवर पू-पेशी मोजायला घेतल्या.
पंचवीसला सोडून दिलं.
तारेचं कडं ज्योतीत लाल केलं, निवू दिलं,
एक थेंब निळसर ताटलीवर
रेघोट्या ओढत पसरला.
दुसऱ्या सकाळी ताटली पिवळीजर्द.
लाखाच्या वर.

मग दुसरी ताटली, तिच्यावर औषधांच्या टिकल्या.
टिकलीभोवती काही उगवत नाही
ते वर्तुळ मी शाळेतल्या पट्टीनं मोजते.
मेडिकलवाल्याच्या गोळीला वर्तुळच नव्हतं,
जंतू टिकलीला अगदी खेटून.
एकीभोवती मात्र
एकोणीस मिलिमीटर झाडलेलं अंगण.

रिपोर्ट तिनं आधी उलटा धरला.
"हे आर आर काय?"
"ते औषध चालत नाही."
"म्हणजे छाट."
हो, छाट.
मग बोट सरकत गेलं: छाट, छाट, पास, छाट, पास.
चाळीस वर्षं हजारातल्या साठ-सत्तर विड्या
तपासनिसानं बाजूला फेकलेल्या बघत आलेली बाई.
या वेळी छाट दुसऱ्या कुणाची तरी होती,
आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं: पाच दिवस, एकही गोळी उरवायची नाही.
लघवी तांबूस दिसेल, भिऊ नका.
जावेला गोळ्या देऊ नका, जावेला घेऊन या.
भरपूर पाणी प्या. दाबून ठेवू नका.
शेवटच्या दोन्हींवर ती काही बोलली नाही.
कागदाच्या चार घड्या करून
तंबाखूच्या वासाच्या पिशवीत टाकला.

पंधरा दिवसांनी आली, जावेसकट.
तिची ताटली या खेपेला निळीच राहिली.
मी टाइप केलं: वाढ नाही.
"आणि कुलूप?" मी विचारलं.
"कुलूप आहे तिथंच. आता चौघी मिळून किल्ली मागतो.
एकटी गेली की मुनीम हसतो."

दुपारचा दीड. आमचंही मालकाच्या घरात,
बेल वाजवून विचारावं लागतं.
मी जावेला डबी दिली, सुरू केलं:
आधी धुवायचं, सुरुवातीची धार...
"ते मी सांगते तिला," बालामणी म्हणाली.
"तुम्ही जाऊन या.
कधीच्या पाय बदलताय."